अश्वशक्तीचे आकडे शेजारी मांडताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे मोठ्या, दणकट इंजिनाच्या गाड्यांच्या, चढाओढीवर प्रसिद्ध झालेला सविस्तर लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला एवढी जागा मिळणे दुर्मीळ आहे, आणि लेखकाने तो मन लावून लिहिला आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. आक्षेप आहे तो लेखासोबतच्या कोष्टकाला. त्यात १९७० सालच्या शेव्हरले शेव्हेल एसएस ४५४ पुढे ४५० अश्वशक्ती, त्याच वर्षीच्या हेमी इंजिनाच्या डॉज चॅलेंजरपुढे ४२५ आणि २०२४ च्या फोर्ड मस्टँग जीटीपुढे ४८० असे आकडे देऊन, अर्धशतक उलटूनही अमेरिकन मोटार जेमतेम तीस घोड्यांनी पुढे सरकली, असा निष्कर्ष काढला आहे. यातला एकही आकडा खोटा नाही. तिन्ही कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले आहेत. तरीही ते एका स्तंभात बसत नाहीत, कारण पहिले दोन एका पद्धतीने मोजलेले आहेत आणि तिसरा अगदी वेगळ्या पद्धतीने.

अमेरिकेत १९७१ पर्यंत कंपन्या इंजिनाची 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत असत. इंजिन गाडीतून वेगळे काढून चाचणीच्या स्टँडवर बसवायचे, त्यावर ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर, ना अल्टरनेटरचा भार, ठिणगीची वेळ हवी तशी जुळवून घ्यायची आणि जो सर्वांत मोठा आकडा मिळेल तो माहितीपत्रकावर छापायचा, असा तो प्रकार होता. १९७२ च्या मॉडेलपासून 'नेट' पद्धत सर्वत्र रूढ झाली. तिच्यात इंजिन गाडीत जसे बसणार आहे तसेच, म्हणजे सगळ्या साहित्यासह आणि गाडीच्याच एक्झॉस्टसह, तपासले जाते. मी नोकरीची बरीच वर्षे इंजिने डायनॅमोमीटरवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, चढवण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, केवळ सायलेन्सर आणि पंखा जोडल्या-काढल्याने काटा किती हलतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

आपल्या भागातील वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी डेट्रॉइटपर्यंत जाण्याचीही गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि पुढे तिथे पंप बनू लागले, तेव्हापासून सांगली जिल्हा पंपाच्या पाटीवरचा एचपीचा आकडा वाचत आला आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते की, पाटीवर पाच एचपी लिहिले म्हणजे उसाच्या सरीत पाणी किती पडेल हे ठरत नाही. पाणी किती उंच चढवायचे, पाइप किती इंची, त्याला वळणे किती आणि फूटव्हॉल्व्ह धड आहे की नाही, यावर ते ठरते. ग्रॉस अश्वशक्ती म्हणजे पाइप न जोडताच दुकानात फिरवून दाखवलेली मोटार.

हा फरक किती मोठा होता, याचा पुरावा डॉजची मालक कंपनी क्रायस्लर हिच्याच आकड्यांत आहे. त्यांचे ४२६ घन इंचांचे, म्हणजे सात लिटरचे हेमी इंजिन ग्रॉस पद्धतीने ४२५ अश्वशक्तीचे होते. त्याच इंजिनाची १९७१ ची नेट अश्वशक्ती ३५० धरली जाते. इंजिन तेच, गाडी तीच आणि आकड्यात पंचाहत्तरचा फरक. कोष्टकात हा ३५० चा आकडा मांडला असता, तर लेखाचा निष्कर्षच बदलला असता. सात लिटरमधून ३५० म्हणजे लिटरमागे पन्नास, आणि आजच्या मस्टँगच्या पाच लिटरमधून ४८० म्हणजे लिटरमागे शहाण्णव. ही प्रगती तीस घोड्यांची नव्हे.

याच गोंधळाची दुसरी बाजूही लेखात आली आहे. १९७२ मध्ये अमेरिकन गाड्या एकाएकी अशक्त झाल्या, असे लेखक म्हणतात. त्या पडझडीचा काही भाग केवळ कागदावरचा होता, कारण मोजण्याची पद्धत बदलली होती. पण काही भाग खराच होता. शिशाचे प्रमाण कमी असलेल्या पेट्रोलवर गाड्या चालाव्यात म्हणून शेव्हरले आणि पॉन्टियॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासूनच इंजिनांचे कॉम्प्रेशन (हवा-इंधनाचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण) उतरवले होते, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराच्या मर्यादा आवळल्या होत्या, तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते परवडेनासे झाले होते आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलेली कसर भरून काढली. शेव्हरलेच्याच १९७५ च्या कॉर्वेट या स्पोर्ट्स कारमधील ५.७ लिटरचे मूळ इंजिन अवघ्या १६५ नेट अश्वशक्तीवर आले होते. कागदावरची घट आणि खरी घट वेगवेगळी सांगितली नाही, तर वाचकाला त्या दशकात काय घडले हे कळत नाही.

मुळात या चढाओढीत आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सोय कधी नव्हतीच. जिला पुष्कळ जण पहिली मसल कार मानतात, त्या १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओची जन्मकथाच नियमातून काढलेल्या पळवाटेची आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टियॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन नवे मॉडेल म्हणून नव्हे, तर टेम्पेस्ट लेमान्सवर जादा पैसे देऊन मिळणारा पर्याय म्हणून पुढे केले, आणि पर्यायाला वरिष्ठांची वेगळी मंजुरी लागत नव्हती. पहिल्याच वर्षी अशा बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्यावर नियमाची आठवण कोण कशाला काढील? त्याच वर्षी एका नामांकित अमेरिकन मोटार मासिकाने या जीटीओची तुलना चक्क फेरारीच्या जीटीओशी केली. फेरारी प्रत्यक्ष चाचणीला आलीच नव्हती, आणि पॉन्टियॅकच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे सांगितले की, चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९ नव्हे, तर ४२१ घन इंचांचे इंजिन होते. आज यूट्यूबवर जी तुलना चालते, तिचे मूळ इथे आहे.

हा प्रकार फुगवून सांगण्याचा झाला. गंमत अशी की, त्याच काळात कमी करून सांगण्याचा धंदाही तेवढ्याच जोरात होता. १९६७ मध्ये शेव्हरलेने कॅमॅरोची झेड-२८ ही आवृत्ती काढली, ती ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन शर्यत-मालिकेच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावी म्हणून ३०२ घन इंचांचे इंजिन देऊन. तिची जाहीर अश्वशक्ती २९०. दोन वर्षांनी फोर्डने तिला उत्तर म्हणून मस्टँग बॉस ३०२ आणली. तिचीही अश्वशक्ती बरोबर २९०! दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या रचनेची इंजिने आणि आकडा मात्र शेवटच्या घोड्यापर्यंत सारखा, हा योगायोग मानण्याइतके भाबडे तेव्हाचे शौकीनही नव्हते. दोन्ही इंजिने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ताकद देत. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनावर ३३५ चा शिक्का होता. त्यावरही कोणी विश्वास ठेवत नसे.

कमी सांगण्यामागे विम्याच्या हप्त्याचा विचार होता, तसाच शर्यतीचाही होता. ड्रॅग रेसचे, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीचे, नियमन करणाऱ्या एनएचआरए या संस्थेच्या स्टॉक, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या, वर्गांत गाडीचा गट ठरवताना तिचे वजन आणि अश्वशक्ती यांचे प्रमाण पाहिले जाई. कंपनीने ताकद कमी जाहीर केली की गाडी हलक्या गटात जाऊन बसे आणि तिथे सगळ्यांना मागे टाकी. संस्थेला ही चलाखी कळली, तेव्हा तिने कंपनीचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा आकडा लावायला सुरुवात केली. म्हणजे शर्यतीचे पंच ज्या आकड्यावर साठच्या दशकात विश्वास ठेवत नव्हते, तो आज आपण कोष्टकात घालतो.

मग तुलना करायची कशावर? माझ्या मते, या गाड्यांच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक तुलना ट्रान्स-अ‍ॅमच्या मैदानात झाली, कारण तिथे इंजिनाचा आकार सर्वांना सारखा, वळणे सर्वांना तीच आणि ब्रेक सर्वांचेच तापत. आपल्या लेखात या मालिकेचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, याचे मला वाईट वाटले. १९६६ आणि १९६७ चे विजेतेपद मस्टँगने घेतले. १९६८ आणि १९६९ मध्ये रॉजर पेन्स्के यांच्या संघाच्या कॅमॅरोने, मार्क डॉनह्यू चाकामागे असताना, फोर्डला नामोहरम केले. १९७० मध्ये बड मूर यांच्या बॉस ३०२ गाड्यांनी, पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉलमर यांच्या हातून, ते पुन्हा फोर्डकडे आणले. पण याच वर्षी पेन्स्के आणि डॉनह्यू शेव्हरले सोडून अमेरिकन मोटर्स, म्हणजे एएमसी, या कंपनीकडे गेले होते, आणि १९७१ मध्ये त्याच जोडीने एएमसी जॅव्हलिनला, म्हणजे ज्या कंपनीला या भांडणात कोणी हिशेबातही धरत नव्हते तिच्या गाडीला, विजेतेपद मिळवून दिले. मस्टँग श्रेष्ठ की कॅमॅरो, हा वाद घालणाऱ्यांनी हा धडा सहसा वगळलेला असतो, कारण तो दोघांच्याही सोयीचा नाही. गाडी जिंकते त्यात संघाचा आणि चालकाचा वाटा किती, हे त्यावरून दिसते.

दुसरी तुलना पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. तिच्यात दोन आकडे निघतात आणि आपल्या कोष्टकात त्यांपैकी एकच, सेकंदांचा, दिलेला आहे. दुसरा आकडा म्हणजे शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग. सेकंद हे टायरवर, रस्त्याच्या पकडीवर आणि सुरुवातीला क्लच कसा सोडला त्यावर फार अवलंबून असतात. शेवटचा वेग मात्र बऱ्याच अंशी ताकद आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरतो. १९७० च्या हेमी गाड्या त्या काळच्या चाचण्यांत तेरा ते चौदा सेकंदांच्या आसपास घुटमळत, आणि आजची मस्टँग जीटी साडेबाराच्या आसपास येते. हे अंतर वाचून इंजिनाचेच कौतुक करायचे, तर जुन्या गाड्यांच्या अरुंद, बायस-प्लाय या जुन्या बांधणीच्या टायरांचा दोष इंजिनाच्या माथी मारल्यासारखे होईल. त्या गाड्यांची ताकद पहिल्या पन्नास मीटरांत धुरातच जात असे. जुन्या गाडीला आजचे टायर घालून पळवले, तर सेकंदही खाली येतात.

शून्यावरून ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेग गाठण्याच्या वेळेबाबतही तसेच. अमेरिकेतील बहुतेक चाचण्यांत गाडी पहिला एक फूट सरकून गेल्यावर घड्याळ सुरू होते. ही ड्रॅग रेसच्या मैदानावरून आलेली रीत आहे आणि तिने सुमारे दोन-तीन दशांश सेकंद सहज वाचतात. डॉज चॅलेंजर डीमनची २०१७ मध्ये जाहीर झालेली २.३ सेकंदांची वेळ अशीच आहे: एका फुटाची सवलत घेतलेली आणि खास चिकट केलेल्या ट्रॅकवरची. त्याच गाडीची पाव मैलाची प्रमाणित वेळ ९.६५ सेकंद होती. तिची ८४० अश्वशक्तीही शर्यतीचे उच्च ऑक्टेनचे इंधन घातल्यावरच मिळे. पंपावरच्या पेट्रोलवर ती ८०८ होती. २०२३ च्या डीमन १७० ने तर ८.९१ सेकंदांपर्यंत मजल मारली, पण तिची १,०२५ अश्वशक्ती ई-८५ या इथेनॉलप्रधान इंधनावरची आहे. पहिल्या डीमनमध्ये वजन वाचवण्यासाठी चालकाखेरीज आसनेच नव्हती. हवी असल्यास ती एकेका डॉलरला मिळत. अशी गाडी आणि रोज कार्यालयात नेण्याची मस्टँग जीटी एकाच रकान्यात मांडणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो.

लेखाच्या शेवटी आपण ही मस्टँग साताऱ्याच्या रस्त्यावर कशी पळेल, अशी कल्पना रंगवली आहे. ती कल्पना मलाही आवडली, पण त्यात दोन गोष्टी राहून गेल्या. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते, आणि टर्बो नसलेले व्ही-८ इंजिन जवळपास त्याच प्रमाणात ताकद गमावते. आज जे नेट आकडे छापले जातात, ते २५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीजवळचा हवेचा दाब धरून दुरुस्त केलेले असतात. एप्रिलच्या दुपारी यवतेश्वराचा घाट चढताना त्या ४८० घोड्यांपैकी बरेच घोडे वाटेतच थांबलेले असतील. शिवाय त्या घाटात ताकदीपेक्षा वजनाचा आणि ब्रेकचा प्रश्न मोठा आहे. चॅलेंजर हेलकॅटची ७०७ अश्वशक्ती ऐकायला भारी आहे, पण ती गाडी दोन टनांहून जड आहे, आणि सहाव्या पिढीची कॅमॅरो एसएस तिच्यापेक्षा तीनशे किलोहून अधिक हलकी. वळणावळणाच्या रस्त्यावर ४५५ अश्वशक्तीची ही कॅमॅरो हेलकॅटला सुखाने जाऊ देणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मस्टँग, कॅमॅरो आणि चॅलेंजर या तिघींपैकी भारतात अधिकृतपणे विकली गेली ती एकटी मस्टँग, २०१६ मध्ये, दिल्लीतील शोरूमच्या किमतीने सुमारे ६५ लाखांना. कॅमॅरो आणि चॅलेंजर इथे कधीच अधिकृतपणे आल्या नाहीत. मस्टँगच्या भारतीय आवृत्तीची ताकदही अमेरिकेतल्या ४३५ ऐवजी चारशेच्या आसपास होती, आणि ती 'पीएस' या युरोपीय एककात सांगितली गेली, ज्यातला घोडा अमेरिकन घोड्यापेक्षा जेमतेम दीड टक्क्याने लहान असतो. म्हणजे साताऱ्यात मस्टँग आणायचीच झाली, तर कोष्टकातली गाडी ती नव्हेच. जाता जाता नोंदवतो की, शेव्हरलेच्या गाड्या आपल्याच महामार्गाच्या वरच्या टोकाला, तळेगावात तयार होत असत. २०१७ अखेर देशातील विक्री थांबली, नंतर निर्यातही बंद झाली आणि तो कारखाना आता ह्युंदाईकडे गेला आहे. फोर्डनेही २०२१ मध्ये इथले उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले. या गाड्यांवरचे प्रेम आपल्याकडे आता पडद्यावरच जगायचे आहे, आणि म्हणून छापील माहिती तरी चोख हवी, असे मला वाटते.

चाचण्यांमधला विजेता आणि बाजारातला विजेता यांचीही लेखात सरमिसळ झाली आहे. २०१६ ची कॅमॅरो वळणांवर मस्टँगपेक्षा सरस आहे, असे तेव्हाच्या बहुतेक परीक्षकांनी लिहिले. पण २०१० ते २०१४ अशी सलग वर्षे विक्रीत मस्टँगच्या पुढे असलेली कॅमॅरो नेमकी याच सुधारणेच्या काळात मागे पडली. तिच्या काचा इतक्या अरुंद होत्या की बाहेरचे नीट दिसत नसे, ही तक्रार प्रत्येकाच्या तोंडी होती. उलट दोन हजारच्या दशकातल्या जुन्या सांगाड्यावर उभी असलेली, सर्वांत अवजड चॅलेंजर २०२१ मध्ये मस्टँगपेक्षाही जास्त खपली. मागच्या आसनावर माणूस बसू शकतो आणि डिकीत सामान मावते, या गोष्टी कोणत्याच चाचणीच्या कोष्टकात नसतात. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर कॅमॅरो झेडएल-१ वनएलईने २०१७ मध्ये ७ मिनिटे १६ सेकंदांचा फेरा मारला आणि मस्टँग जीटीडीने २०२५ पर्यंत तो सात मिनिटांच्या आत आणला, हे आपण बरोबर दिले आहे. मात्र जीटीडीची किंमत तीन लाख डॉलरच्या पुढे आहे, हे दिलेले नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, ते कोष्टक पुढील पुरवणीत दुरुस्त करून पुन्हा छापावे. जुन्या गाड्यांच्या अश्वशक्तीपुढे 'ग्रॉस' असे स्पष्ट लिहावे, गाडीचे वजन द्यावे, पाव मैलाच्या सेकंदांसोबत शेवटचा वेग द्यावा, आणि इंधन व ट्रॅक कोणते होते तेही सांगावे. त्यासाठी दोन-तीन छायाचित्रे कमी करावी लागली, तरी वाचक तक्रार करणार नाहीत. चॅलेंजरचे उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात थांबले आणि कॅमॅरोचेही त्याच महिन्यात संपले. त्यामुळे पुढच्या लेखात मस्टँगसमोर डॉजची विजेवरची चार्जर डेटोना येणार, हे उघड आहे. तिचा ६७० अश्वशक्तीचा आकडा सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातली ४० अश्वशक्ती चालकाने बटण दाबल्यावर काही सेकंदांपुरतीच मिळते. कोष्टकात तिच्यापुढे ६३० आणि ६७० हे दोन्ही आकडे वेगवेगळे यावेत.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली